आदल्या दिवशीची साद

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
२४ एप्रिल २०१७

नाना,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे सगळं लिहिलं असं समजा. ते लिहीत बसले तर मुद्द्यावर येण्याआधीच तुम्ही कागद बाजूला ठेवाल.

तुम्ही घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात. तुमच्या लेकानं, प्रबोधनं सांगायच्या आधीच मला ते मोबाईलवर दिसलं होतं. फोन केला की तुमची सून मीनल उचलते आणि म्हणते, "नाना बागेत आहेत." कऱ्हाडात एप्रिलच्या भर दुपारी तुम्ही बागेत काय करता? त्या बिचारीला खोटं बोलता येत नाही. तिला कशाला त्रास? म्हणून कागदच घेतला.

फोटो मी टाकला नव्हता. तुमच्या जावयानं, कुशलनं टाकला आणि खाली 'वाघीण' असं लिहिलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. पण फोटो खरा आहे. ते हरीण मीच मारलंय. एकाच गोळीत. मला नेमबाजी येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी एकाच गोळीत.

तुमची सगळी नोकरी वनखात्यात, शिकाऱ्यांच्या मागे धावण्यात गेली. चांदोलीच्या जंगलात सांबर मारणाऱ्यांना तुम्ही कोर्टात उभं केलंत, त्यापायी बदल्या सोसल्यात. आणि तुमची मुलगी मेलेल्या नराच्या शिंगावर हात ठेवून फोटोत बसलीय. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं. पण थोडं माझंही ऐका.

न्यूझीलंडमध्ये हरीण मुळात नव्हतंच. गोऱ्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी ती जहाजातून नेली, शिकारीच्या हौसेसाठी. त्यांना खाणारं तिथे कोणीच नाही, ना वाघ, ना बिबट्या. ती नुसती वाढत गेली. तिथली झाडं कोवळी असतानाच खातात, जंगल खालून रिकामं होत जातं. मी स्वतः पाहिलं, वर हिरवंगार आणि खाली गुडघ्याच्या उंचीपर्यंत काहीच नाही. सरकारच म्हणतं, मारा. तुम्ही तिथे अधिकारी असतात ना नाना, तर तुम्हीच बंदूक घेऊन फिरला असतात.

हे वाक्य तुम्हाला आवडणार नाही. खोडत नाही.

आम्हाला ॲलिस्टरनं बोलावलं होतं. तुम्ही इथे आला होतात तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा तो उंच माणूस. त्यानं तुम्हाला लिफ्टमध्ये नमस्कार केला होता. तो आता त्याच्या गावी परतलाय, मेंढ्या पाळतो. एप्रिलमध्ये तिथे नर माजावर येतात. एरवी दिसतसुद्धा नाहीत, पण त्या दिवसांत डोंगरच्या डोंगर हंबरत असतो. हंबरणं आणि डरकाळी यांच्या मधलंच काहीतरी. कुशलला केव्हापासून जायचं होतं. मैत्रेयीला माझ्या मैत्रिणीकडे, उल्काकडे, क्लेमेंटीला ठेवलं आणि आम्ही दोघं गेलो. गेलो, आलो, एवढंच.

मैत्रेयीला क्लासला सोडायची वेळ झाली. तुमची नात मजेत आहे. कुशलही बरा आहे.

प्रणिता

---

वन-नॉर्थ, सिंगापूर
९ मे २०१७

नाना,

ऑफिसच्या खालच्या कॅफेत बसून लिहितेय. घरी बसून लिहिता येत नाही, कुशल विचारतो, "काय लिहितेस?" मग मी वही मिटते. नानांना लिहितेय असं सांगायला काय हरकत आहे, मला कळत नाही. पण सांगत नाही.

मीनलनं कळवलं की पत्र पोचलं, तुम्ही दोनदा वाचलंत. मग संध्याकाळी चपला घालता घालता विचारलंत, "मांसाचं काय केलं म्हणे?" आणि उत्तर न ऐकताच गेलात.

तर मांसाचं सांगते.

मी लहान असताना तुम्ही जप्त केलेलं सांबराचं मांस क्वार्टरच्या मागे आणलं होतं, पोत्यात. पंचांसमोर खड्डा खणून, रॉकेल ओतून जाळलंत. मी खिडकीतून बघत होते. आईनं खिडकी लावून घेतली, तरी वास आलाच. हरणाचं मांस म्हटलं की मला तोच वास आठवायचा. तिथे तसा वास नव्हता. तिथे वास होता जिवंत जनावराचा. माजावरचा नर स्वतःच्याच मुतानं चिखल करतो आणि त्यात लोळतो. पोट काळंकुट्ट झालेलं असतं. मानेचे केस ओले, राठ, आणि मान एवढी सुजलेली की डोकं लहान वाटावं. त्या दिवसांत तो जवळजवळ खातच नाही. नुसता धावतो, भांडतो, ओरडतो. माझ्या हाताखाली त्याच्या बरगड्या लागत होत्या. एवढं मोठं जनावर, आणि आतून पार खंगलेलं.

ॲलिस्टरनं सुरी माझ्या हातात दिली. म्हणाला, "ज्यानं मारलं त्यानं साफ करायचं. आमच्याकडे असंच." त्यानं दाखवलं तसं मी केलं. पोटाची कातडी दोन बोटांनी वर उचलायची आणि धार वरच्या बाजूला ठेवून कापत जायचं, म्हणजे आतली पिशवी फुटत नाही. ती फुटली की सगळं नासलं. वाफ आली. इतकी वाफ, नाना, की माझा चष्मा धुरकट झाला. आतडी बाहेर काढली. हात कोपरापर्यंत गरम. कातडीला लागलेला हात मांसाला लावायचा नाही, केस चिकटले की तो उग्र वास आत जातो. म्हणून डाव्या हातानं कातडी धरायची, उजव्यानं कापायचं. मी तीन-चारदा चुकले. प्रत्येक वेळी तो थांबवायचा आणि फडक्यानं माझा हात पुसायचा, लहान मुलाचा पुसावा तसा.

मागचे पाय, पुढचे पाय, पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या. सगळं सुती पिशव्यांत भरून झाडाला टांगलं. थंडी होती तरी माश्या येतातच. मग पाठीवर घेऊन खाली उतरलो. एक पाय कुशलनं घेतला. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. ॲलिस्टरला वाटलं, दमलाय.

त्याच्या शेडमध्ये शीतखोली आहे, तिथे दोन दिवस लटकवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या लाकडी टेबलावर आम्ही ते हाडांपासून सोडवलं. पांढरा पापुद्रा काढून टाकायचा, चरबी काढून टाकायची, हरणाची चरबी तोंडाला चिकटते म्हणे. माजावरच्या नराचं मांस चिवट, त्यामुळे बरंचसं यंत्रातून काढून खिमाच केला, थोडी डुकराची चरबी घालून. मी तिथल्या दुकानातून आलं-लसूण, मिरी, दालचिनी आणली आणि आपल्यासारखा सुका खिमा केला. कांदा अगदी काळा होईपर्यंत परतला, आई करायची तसा. ॲलिस्टर आणि त्याची बायको ताट पुसून जेवली. मीही जेवले. उरलेलं त्यांनी शेजाऱ्यांना वाटलं. आम्ही इथे काही आणलं नाही. एक तुकडा वाया गेला नाही नाना. जाळायला काही उरलं नाही.

कुशल जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. ब्रेडला लोणी लावून खाल्लं.

कॉफी थंड झालीय. मीटिंग आहे. हल्ली मीटिंगमध्ये मला बसवत नाही. पाय हलत राहतात. परवा शेजारचा चिनी सहकारी म्हणाला, टेबल हलतंय.

मांसाचं हे असं केलं. आता तरी फोन घ्या.

प्रणिता

---

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
२८ मे २०१७

नाना,

तुमचं कार्ड परवा आलं. त्यावर तुमचं अक्षर. किती वर्षांनी पाहिलं. तीनच वाक्यं. 'मांसाचं समजलं. फोटोत कुशल मागे पाठ करून उभा आहे, तो का? तुला काय झालं ते लिही.'

पन्नास लोकांनी तो फोटो पाहिला. कोणाला कुशल दिसला नाही.

बरं. लिहिते. कुशल आणि मैत्रेयी सायकली घेऊन समुद्रावर गेलेत, ते यायच्या आत लिहून टाकते.

हरीण मारलं त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

पहिल्या दिवशी ॲलिस्टरनं आम्हाला हंबरायला शिकवलं. प्लॅस्टिकच्या पन्हळीदार नळीचा हातभर तुकडा तोंडाला लावायचा आणि पोटातून आवाज काढायचा. कुशलचा आवाज फाटत होता. माझा मात्र पहिल्याच वेळी असा आला की मेंढ्या पळाल्या. ॲलिस्टर खूप हसला. ठरलं की मी साद द्यायची आणि कुशलनं नेम धरायचा. म्हणजे मी मागे, झाडीत लपून बसायचं. नराला वाटतं, आपल्या मुलखात दुसरा नर शिरलाय. तो भांडायला धावत येतो आणि वाटेत पुढे बसलेल्या बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. ॲलिस्टर कुशलशेजारी बसणार होता, कारण परवाना त्याचा, बंदूक त्याची. मला त्यानं बजावून सांगितलं होतं, "या झाडापासून हलायचं नाही. काही झालं तरी नाही."

मी हलले, नाना.

हे आधी सांगते, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. डोंगरावरचा नर दोनदा ओरडला आणि गप्प झाला. मला वाटलं, माझा आवाज पोचत नाहीये. शेजारी एक उंचवटा होता, तिथवर गेले. पाऊस भुरभुरत होता म्हणून दुरून दिसावं यासाठी घातलेल्या केशरी जॅकेटावर मातकट रेनकोट चढवला होता. तेही करायचं नव्हतं. उंचवट्यावर नेच्यांची दाट जाळी होती, तिच्या मागे वाकून बसले आणि नळी तोंडाला लावून पोटातून साद दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. नेचे हलले असणार.

मग समोर पाहिलं तर खालच्या बाजूला कुशल. एकटा. ॲलिस्टर पलीकडच्या घळीत माग पाहायला उतरला होता, ते मला नंतर कळलं. कुशलच्या खांद्याला बंदूक होती आणि नळीचं तोंड माझ्याकडे. नळीचं तोंड समोरून कसं दिसतं ते तुम्हाला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. अगदी लहान दिसतं. एक काळा ठिपका.

आणि मी खटका ऐकला. सेफ्टीचा, म्हणजे घोडा अडवून ठेवणाऱ्या खिट्टीचा. पहिल्या दिवशी आम्ही पुठ्ठ्यावर नेम मारायचा सराव केला होता, तेव्हा ॲलिस्टर प्रत्येक वेळी म्हणायचा, जनावर पूर्ण दिसल्याशिवाय हा खटका काढायचा नाही. तो आवाज माझ्या कानात पक्का बसलेला होता.

हंबरायची नळी तशीच ओठाला. मग कशी कोण जाणे, किंचाळले, "कुशल, मी आहे! मी!"

त्यानं बंदूक खाली घेतली. मी धडपडत खाली आले. गालाला काटे लागून रक्त येत होतं. तो उभा होता, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता तो मला जवळ घेईल. नाहीतर शिव्या देईल, जागा का सोडलीस म्हणून. तो म्हणाला,

"मला माहीत होतं तू आहेस."

मी म्हटलं, "काय?"

"दिसत होतीस मला. मी नुसता बंदुकीच्या दुर्बिणीतून बघत होतो."

"सेफ्टी काढलीस तू."

"नाही काढली."

"मी ऐकलं कुशल."

"काहीतरी ऐकलं असशील. फांदी मोडली असेल."

तेवढ्यात ॲलिस्टर वर आला. विचारलं, काय झालं? कुशल म्हणाला, "ही घसरली." मीही म्हटलं, हो, घसरले.

संध्याकाळी जेवताना, झोपताना, सकाळी उठल्यावर मी वाट पाहत होते की तो खरं काय ते म्हणेल. तो बूट घालत शीळ घालत होता. डोंगर चढायला लागायच्या आधी मी ॲलिस्टरला म्हटलं, "आज बंदूक मला हवी." तो म्हणाला, "नक्की?"

म्हणून ते हरीण मी मारलं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला शिकारीचा नाद लागला. नाना, त्या दिवशी मला हरीण नको होतं. मला बंदूक हवी होती. मी ज्या डोंगरावर आहे त्या डोंगरावरची एकमेव बंदूक माझ्या हातात हवी होती. नर समोर आला, आवाज बसलेला, मान ताठ, आणि ॲलिस्टर कुजबुजला, "आता." मी घोडा दाबला. तो थोडा धावला आणि पडला. वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. आता खाली उतरायचं आणि बंदूक कुलपात जायची.

मग फोटो काढला. कुशल पाठ करून उभा राहिला.

लिफ्टचा आवाज आला. आले वाटतं.

प्र.

---

क्लेमेंटी, सिंगापूर
१८ जून २०१७

नाना,

पत्ता बदललेला दिसेल. घाबरू नका. मी आणि मैत्रेयी उल्काकडे आहोत. शाळेला जूनची सुट्टी आहे, इथे उल्काची मुलगी आहे, मैत्रेयीला वाटतं आपण मजेसाठी आलोय. कुशललाही मी तसंच सांगितलं, "ऑफिस जवळ पडतं." खोटं नाही. पण खरंही नाही.

तुमचं दुसरं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. 'हरणाचं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण आवाज तू ऐकलास. म्हणजे तो झाला.' बसमध्ये वाचलं. शेजारच्या बाईनं मला टिश्यूचं पाकीट दिलं, न विचारता.

मला वाटत होतं मीच वेडी आहे. खरंच फांदी असेल. आपलाच माणूस इतक्या वेळा, इतक्या शांतपणे नाही म्हणतो तेव्हा आपल्या कानांवरचा विश्वास उडतो. ॲलिस्टरलाही विचारता येईना, त्याला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं होतं की मी घसरले.

आता इथे का आले ते सांगते.

मागच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. आम्ही तिघं, उल्का आणि तिचा नवरा उल्हास. साते, म्हणजे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे, आले, उसाचा रस आला. उल्हास म्हणाला, "अरे, तो शिकारीचा किस्सा सांग ना, ऑफिसात सगळे विचारतात." कुशल ते आता छान सांगतो. कुठे थांबायचं, कुठे हंबरायचं, सगळं ठरलेलं. मी ऐकत नाही, कोळंबी सोलत बसते. पण त्या दिवशी त्यानं नवीन भर घातली.

"आदल्या दिवशी तर गंमतच झाली. ही बाई जागा सोडून भलतीकडूनच हंबरायला लागली. मी दुर्बिणीतून बघतो तर काय, बायको!"

उल्हास खो खो हसला. मैत्रेयीही हसली, इथल्या इंग्रजीत, "पापा, सो फनी लाह!" उल्का हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "सेफ्टी कुठे होती?"

"काय?"

"सेफ्टी कुठे होती तेही सांग ना."

"प्रणिता, इथे नको."

"गोष्ट इथे सांगतोयस. मग हेही इथेच सांग."

"लागलेली होती." आवाज चढला त्याचा. "किती वेळा तेच तेच?"

उल्हासला काही कळेना. त्यानं विषय बदलायचा म्हणून विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा जाणार का? कुशल म्हणाला, "जाणार तर. आणि या वेळी मैत्रेयीला घेऊन. ही काय मस्त ओरडते, आईपेक्षा भारी. साद देण्याचं काम तिच्याकडे. ॲलिस्टरशी बोललोय मी." आणि मैत्रेयीनं तिथेच उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावून हंबरून दाखवलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. कुशल टाळ्या वाजवत होता.

मी उठले. समुद्राच्या कडेकडेनं चालत सुटले. पोरं स्केटिंग करत होती, कोणी मासे धरत बसलं होतं, तंबूंपुढे शेगड्या पेटल्या होत्या, आणि मी चालतेय, चालतेय. मला सारखा तो काळा ठिपका दिसत होता. फक्त या वेळी त्याच्यासमोर, नेच्यांच्या मागे, मैत्रेयी होती. ती किंचाळेल का? तिला कळेल का किंचाळायचं?

उल्का मागून धावत आली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चूक कोणाकडूनही होते गं. विमानतळावर माझ्या हातून पोरगी हरवली होती. पण मी ती हरवलीच नव्हती असं म्हणत बसले नाही." मग म्हणाली, "उद्या बॅग भरून ये."

कुशल रोज फोन करतो, मैत्रेयीशी बोलतो, मग मला देतो. "कधी येणार?" मी म्हणते, "तू सांगशील तेव्हा." तो म्हणतो, "मग आजच ये." मी म्हणते, "ते नाही सांगायचं."

नाना, मला त्याला शिक्षा करायची नाहीये. मला फक्त कळायला हवंय की त्यानं मला पाहिलं नव्हतं. विचित्र आहे ना? तो म्हणतो, मी तुला ओळखलं होतं, आणि त्याला वाटतं एवढ्यानं माझी भीती जाईल. पण ओळखून कोणी बंदूक रोखतं का? ओळखलं नव्हतं म्हणाला असता तर मी त्याच रात्री त्याच्या कुशीत झोपले असते.

शाळा पुढच्या सोमवारी सुरू होते. तेव्हा परत जावंच लागेल. तोवर काय करू, कळत नाही. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालतेय. उल्काच्याही घातल्या.

प्रणिता

---

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
२ जुलै २०१७

नाना,

घरीच आहे. आठवडा झाला.

परत आले तेव्हा कुशलनं घर झाडून पुसून ठेवलं होतं, फ्रीजमध्ये दूध होतं, फुलंही आणली होती. आम्ही एकमेकांशी नीट, सभ्यपणे बोलत होतो. दोन परके लोक एका लिफ्टमध्ये अडकल्यासारखे. मैत्रेयीला काहीतरी कळलं असावं, कारण ती घरात मुद्दाम आवाज करत फिरत होती.

गुरुवारी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. कुशल ऑफिसमधून आला, बूट काढले, हॉलमध्ये आला. मैत्रेयी बाल्कनीच्या पडद्यामागे लपली होती. तिच्याकडे गिफ्टच्या कागदाची आतली पुठ्ठ्याची नळी होती. पापाला घाबरवायचं होतं तिला. पडदा हलला आणि मागून साद आली. खरंच माझ्यासारखी, पोटातून.

मला सुरी ठेवायलाही वेळ मिळाला नाही. कुशल असा ओरडला की माझ्या अंगावर काटा आला.

"बाहेर ये! आधी समोर ये! समोर ये म्हणतो ना!"

मैत्रेयी बाहेर आली. "पापा, इट्स ओन्ली मी..." ती रडायलाच लागली. त्यानं गुडघ्यावर बसून तिला धरलं, दंडाला, चेहऱ्याला, केसांना हात लावत राहिला, सगळं जागच्या जागी आहे की नाही बघावं तसा. "परत असं करायचं नाही. कधीही लपून ओरडायचं नाही. कळलं?" ती हुंदके देत हो म्हणत होती. तिला काय कळणार?

मी दारात उभी होते. त्यानं वर पाहिलं. मैत्रेयीला तसंच धरून, तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत तो म्हणाला,

"काढली होती मी."

हातातली सुरी मी खाली ठेवली.

"सेफ्टी काढली होती. बोट घोड्यावर होतं. मला नेचे हलताना दिसले, मागे काहीतरी मातकट दिसलं आणि मला शिंगं दिसली, प्रणिता. खरंच दिसली. नव्हतीच ती, पण मला दिसली. तू ओरडली नसतीस तर मी..."

त्यानं मैत्रेयीला आणखी घट्ट धरलं.

"मग नाही का म्हणालास?" मी विचारलं.

"पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं. मग ते बदलता येईना. जितक्या वेळा सांगितलं तितकं वाटायला लागलं, नव्हतीच काढली. चारचौघांत हसून सांगितलं की खरंच गंमत झाल्यासारखं वाटायचं. आणि घरी आलो की तू बघायचीस."

मला वाटत होतं, हे ऐकलं की मी शांत होईन. उलटंच झालं. भिंतीला धरून मी खाली बसले. एप्रिलपासून मी चिडले होते, नाना, घाबरले नव्हते. घाबरायची सवडच मिळाली नव्हती. ती भीती तेव्हा आली, सगळी एकदम. मी रडले, मैत्रेयी रडत होतीच, भाजी करपली. तिघांनी फरशीवर बसून मॅगी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर ॲलिस्टरला फोन लावला आणि सगळं सांगितलं, इंग्रजीत, एकेक शब्द. माझ्या जागा सोडण्याबद्दल तो काहीच बोलला नाही, ते मीच पुढे होऊन सांगितलं. ॲलिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तुला एकट्याला सोडून जायला नको होतं. मी ते विसरणार नाही." पुढच्या वर्षीचं जाणं रद्द. उल्हास-उल्कालाही त्यानं सांगितलं. उल्हास हसला नाही.

रात्री त्यानं विचारलं, "तू राहणार आहेस ना?"

मी म्हटलं, "आज आहे." याहून जास्त मला सांगता आलं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही.

दिवाळीत आम्ही तिघं कऱ्हाडला येतोय, तिकिटं बघतोय. कुशल घाबरलाय तुम्हाला. म्हणतो, नाना काय विचारतील? मी म्हटलं, जे विचारतील त्याचं उत्तर दे. हरणावरून तुम्ही मला जे बोलायचं ते बोला. मला पटेलच असं नाही, पण मी पूर्ण ऐकून घेईन, मधे बोलणार नाही.

आज रविवार. तो मैत्रेयीला घेऊन खाली पोहायला गेलाय. आमच्या बाल्कनीतून तलाव दिसतो. ती पाण्यात आहे आणि तो काठावर उभा आहे, मोबाईल खिशात, तिच्यावरून नजर न काढता. पत्र लिहिता लिहिता मी दोनदा उठून बघून आले.

मघाशी मैत्रेयीचा मोठ्यानं ओरडल्याचा आवाज आला, पाठोपाठ हसण्याचा. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. परत बसले. बसूनच हे शेवटचं लिहितेय.

तुमची,
प्रणिता